संकल्पावांचून कर्म

जन्मभर मुलांना शुद्धलेखन शिकविलेल्या माणसानें साठी उलटल्यावर संगणकासंबंधानें लिहावयास बसावें, हें वाचकांस कदाचित् चमत्कारिक वाटेल. मॅट्रिकपलीकडे माझें शिक्षण गेलें नाहीं. पुढें जें थोडेंबहुत संस्कृत पदरीं पडलें, तें वाईस एका वृद्ध शास्त्रीबोवांच्या ओसरीवर बसून. यंत्रविद्या हा माझा विषय नव्हे. परंतु ज्या विषयांत आपल्या हातून चूक घडते व त्या चुकीची किंमत घरांतील सर्वांना द्यावी लागते, त्या विषयावर बोलण्याचा थोडासा अधिकार ती चूकच आपणांस देते, अशी माझी समजूत आहे. शिवाय माझ्यासारखाच जुना संगणक आज पुष्कळ घरांत आहे, आणि माझ्यासारखीं उतावीळ माणसेंही घरोघर आहेत. म्हणून हा प्रपंच.

आमचा लॅपटॉप २०१४ सालचा. त्यावर विंडोज १० ही कार्यप्रणाली होती. कार्यप्रणाली म्हणजे यंत्राचा कारभारी. त्याच्यावांचून यंत्राचे सर्व अवयव जागच्या जागीं असूनही निरुपयोगी. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें या कारभाऱ्यास निवृत्त केलें. म्हणजे त्याला मिळणाऱ्या नेहमींच्या मोफत सुरक्षा-दुरुस्त्या बंद झाल्या. पुढील विंडोज ११ साठीं टी.पी.एम्. २.० नांवाची सुरक्षेची व्यवस्था व अलीकडचा प्रोसेसर लागतो. आमच्या लॅपटॉपांत यांपैकीं कांहींच नव्हतें. कांहीं काळाची मुदतवाढ घेण्याची सोय होती, पण मुदतवाढ ती मुदतवाढच. यंत्र तर धडधाकट होतें. स्वतः वयाकरितां निवृत्त झालेल्या माणसास, धडधाकट नोकर केवळ वयाकरितां घराबाहेर काढणें बरें वाटेना.

माझा एक भाचा पुण्यास याच धंद्यांत आहे. तो फोनवर म्हणाला, "मामा, नवा लॅपटॉप घेऊं नका. लिनक्स मिंट घाला. फुकट आहे, आणि तुमचें मराठी लिहिणेंही त्यावर व्यवस्थित होईल. फक्त आधीं एक पेन ड्राइव्ह बूट होण्याजोगा तयार करावा लागेल."

हें 'बूट होणें' म्हणजे काय, तें मीं त्याच्याकडून समजून घेतलें. यंत्र सुरू होतें तेव्हां त्याला कांहींच ठाऊक नसतें. सर्व ज्ञान डिस्कवर लिहिलेलें. पण डिस्क वाचावयाची कशी, हेंही ज्ञानच, आणि तेंही डिस्कवरच! न्यायशास्त्रांत याला अन्योन्याश्रय म्हणतात. दोघे एकमेकांच्या खांद्यावर बसावयास निघाले तर कोणीच बसूं शकत नाहीं. हा दोष टाळण्याकरितां यंत्राच्या मुख्य पाटावरील एका चिपेंत एक छोटासा कार्यक्रम कायमचा ठेवलेला असतो. जुन्या यंत्रांत त्याला बायोस म्हणत, नव्यांत यू.ई.एफ्.आय. म्हणतात. तो जागा होतो, ठरलेल्या जागीं ठरलेल्या रचनेची खूण शोधतो, आणि ती सांपडली कीं पुढील कारभार तिच्या स्वाधीन करतो. ही खूण डिस्कऐवजीं पेन ड्राइव्हवर ठेवली, तर यंत्र त्यावरूनही सुरू होतें.

म्हणूनच इंटरनेटवरून उतरवलेली आय.एस्.ओ. फाइल पेन ड्राइव्हवर नुसती नकलून चालत नाहीं. पेटींत बंद पोथी ठेवली म्हणजे पारायण झालें, असें होत नाहीं. ती फाइल एका विशेष साधनानें, त्या ठरलेल्या रचनेनिशीं, पेन ड्राइव्हवर लिहावी लागते. आणि येथेंच धोका आहे. हें लेखन सुरू होतांच पात्रांत पूर्वीं जें काय असेल तें पुसलें जातें. त्याला कचऱ्याची टोपली नाहीं, 'परत घ्या' अशी कळही नाहीं.

तुळशीच्या लग्नाचा आदला दिवस होता. लॅपटॉपला दोन वस्तु लावलेल्या होत्या. एक सोळा जी.बी.चा नवा, कोरा पेन ड्राइव्ह. दुसरी एक टी.बी.ची बाह्य हार्ड डिस्क. लॅपटॉपमधील पत्रें व छायाचित्रें सुरक्षित राहावींत म्हणून मीं दुपारींच तीं त्या डिस्कवर उतरवून ठेविलीं होतीं, आणि डिस्क तशीच लावलेली राहिली होती. सावधगिरीसाठीं आणलेली वस्तुच संकटांत सांपडावयाची होती.

त्या डिस्कवर आणखी एक ठेव होती. माझ्या मातोश्री २००९ सालीं निवर्तल्या. त्यापूर्वीं कित्येक वर्षें आमच्या कुटुंबानें त्यांच्याजवळ बसून त्यांच्या भूपाळ्या, मंगळागौरीचीं गाणीं, जात्यावरच्या ओव्या आणि चातुर्मासांतील कहाण्या टेपरेकॉर्डरवर उतरून घेतल्या होत्या. सून सासूचीं गाणीं उतरून घेत आहे आणि मुलगा शेजारच्या खोलींत वह्या तपाशीत बसला आहे, असें तें दृश्य असे. पुढें कॅसेटींना बुरशी येऊं लागली, तेव्हां आम्हीं त्यांतील सर्व कांहीं संगणकावर घेतलें व कॅसेटी टाकून दिल्या. एकूण ४३ ध्वनिमुद्रणें. त्यांची क्रमवार यादी कुटुंबाच्या हस्ताक्षरांत एका शंभर पानी वहींत होती. आवाज मात्र त्या एका डिस्कवरच होता.

मीं लेखनाचें साधन उघडलें. यादींत पेन ड्राइव्हचें नांव दिसेना. तो खोबणींत नीट बसलाच नव्हता, हें मागाहून कळलें. एका चौकटींत खूण केली असतां आणखी उपकरणें दिसूं लागतात, असें कोठेंसें वाचलें होतें. मीं ती खूण केली. लागलीच एक नांव प्रकट झालें. एकच नांव आहे, तेव्हां तेंच आपलें, असा मीं निष्कर्ष काढला. तर्कशास्त्रांत ज्याला हेत्वाभास म्हणतात, त्याचें याहून उत्तम उदाहरण मला वर्गांत कधीं सुचलें नव्हतें. साधनानें इशारा दिला: यावरील सर्व माहिती नष्ट होईल. पेन ड्राइव्ह तर कोरा, नष्ट होण्याजोगें त्यांत काय आहे, असें मनांत म्हणून मीं 'होय' दाबलें. 'प्रश्न पुन्हा एकदां वाचा' हें तीस वर्षें मुलांना सांगत आलेला तो मीच.

तेवढ्यांत आंतून हांक आली, "अहो, झालें का? ऊंस आणि आवळे आणायचे राहिले आहेत."

"झालेंच," मीं म्हटलें.

बाजारांतून परत आलों तेव्हां पडद्यावर काम पुरें झाल्याची सूचना होती. पेन ड्राइव्ह काढावयास हात पुढें केला, तों दिवा लुकलुकत होता तो डिस्कचा.

भाच्याला फोन लावला. क्षणभर तो कांहीं बोलला नाहीं. मग म्हणाला, "मामा, ती डिस्क आत्तांच काढून ठेवा. तिच्यावर एक अक्षरही नवें लिहूं नका. उघडूनही पाहूं नका." कारण असें कीं, मिंटची फाइल तीन जी.बी.च्या आसपास, तेवढा भाग नव्या लेखनाखालीं गाडला गेला, तो गेलाच. डिस्कची अनुक्रमणिकाही गेली. परंतु पुढील विस्तीर्ण भागावर जुनीं अक्षरें अद्याप असण्याचा संभव होता. नवें कांहीं लिहिलें तर तींही जावयाचीं.

त्या रात्रीं कुटुंबास सांगण्याचें धैर्य मला झालें नाहीं. दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं तुळशीपुढें पाट मांडून बसलों व हातांत पाणी घेऊन संकल्प म्हणूं लागलों. शके १९४७, विश्वावसु संवत्सर, दक्षिणायन, शरद् ऋतु, कार्तिक मास; मग तिथि, वार, नक्षत्र; मग आपलें गोत्र, आपलें नांव; आणि शेवटीं, मी अमुक कर्म अमुक हेतूनें करितों. हे शब्द मीं हजारों वेळां उच्चारले असतील. त्या दिवशीं प्रथमच मनांत आलें कीं, पूर्वजांनीं कर्मापूर्वीं ही एवढी लांबण कां लाविली असेल? कोण, कोठें, केव्हां, काय आणि कशासाठीं, हें मोठ्यानें म्हटल्यावांचून पाणी सोडावयाचें नाहीं. आणि सोडलेलें पाणी परत ओंजळींत येत नाहीं. काल मीं पाणी सोडलें होतें, पण संकल्प केला नव्हता.

आरती झाल्यावर मीं सर्व सांगून टाकलें. ती रागावली असती तर बरें वाटलें असतें. थोडा वेळ ती वृंदावनापाशीं उभी राहिली, मग आंत जाऊन ती शंभर पानी वही घेऊन आली व माझ्यापुढें ठेवून म्हणाली, "निदान काय काय होतें, तें तरी यांत आहे."

रविवारीं भाचा आला. फोटोरेक नांवाचें एक मोफत साधन आहे. तें अनुक्रमणिकेवर विसंबून न राहतां डिस्कचा भाग न् भाग चाळतें व ओळखीच्या प्रकारचें कांहीं दिसलें कीं तें बाजूला काढतें. काढलेलें सर्व मात्र दुसऱ्या डिस्कवर ठेवावयाचें. त्याच डिस्कवर ठेविलें तर उरलेलेंही आपल्याच हातानें पुसलें जाईल. रात्रीं उशिरापर्यंत तें काम चाललें. फाइली निघाल्या, पण बिननांवाच्या. प्रत्येकीवर नुसता एक आंकडा. मग रोज जेवणानंतर आम्ही दोघें एक एक फाइल लावून ऐकूं लागलों, आणि ती वहीशीं ताडून नांव देऊं लागलों. ४३ पैकीं २९ मिळालीं. त्यांतील तीन ओव्या मध्येंच तुटतात. माझी थोरली बहीण इंदूरला असते. कुटुंबानें पूर्वीं तिला एक कॅसेट पाठविली होती, ती तिच्या कपाटांत निघाली. तिच्यांतून आणखी पांच मिळालीं. नऊ गेलीं तीं गेलीं.

पुढें महिन्याभरानें मीं तेंच काम पुन्हा केलें, आणि तें निर्विघ्न पार पडलें. त्याची रीत येथें देतों. माझ्या चुकीचा दुसऱ्यास झाला तर एवढाच उपयोग.

प्रथम घरांतील महत्त्वाचें जें काय असेल त्याची प्रत दुसरीकडे असावी, आणि ती प्रत काम चालू असतांना यंत्राला जोडलेली नसावी. प्रत उघडून वाचून पाहिल्यावांचून ती आहे असें मानूं नये. ज्यांच्या विंडोजमध्यें बिटलॉकरचें कुलूप असेल त्यांनीं त्याची ४८ आंकड्यांची किल्ली आधीं कागदावर उतरून ठेवावी. सुरू होण्याच्या रीतींत फेरफार झाला कीं यंत्र ती मागण्याचा संभव असतो.

दुसरी गोष्ट पाठशुद्धीची. आय.एस्.ओ. फाइल निर्मात्यांच्या स्वतःच्या स्थळावरूनच घ्यावी, आणि घेतल्यावर ती तपासावी. आमच्या वैदिकांनीं संहितेबरोबर पद, क्रम, जटा, घन असे पाठ रचले, ऋग्वेदाचीं अक्षरें ४,३२,००० अशी गणना करून ठेविली. हेतु हाच कीं, पाठ मुखांतून मुखांत जातांना एक अक्षरही ढळूं नये. येथेंही तसेंच आहे. फाइलीबरोबर एस्.एच्.ए.-२५६ या रीतीनें काढलेली चौसष्ट चिन्हांची एक खूण प्रसिद्ध केलेली असते. विंडोजमधील 'सर्टयुटिल' या आज्ञेनें आपण आपल्या फाइलीची खूण काढावी व दोन्ही जुळवाव्यात. फाइलींतील एक अक्षर बदललें तरी खूण सर्वस्वी निराळी येते. नुसत्या गणनेनें अक्षरांची अदलाबदल कळत नाहीं. या खुणेनें तीही कळते.

ही भीति काल्पनिक नव्हे. २० फेब्रुवारी २०१६ रोजीं याच लिनक्स मिंटच्या संकेतस्थळांत कोणी चोरट्यानें शिरून एका आवृत्तीचा दुवा स्वतःच्या भेसळ केलेल्या फाइलीकडे वळविला होता. प्रकल्पाचे संस्थापक क्लेमां लेफेव्र यांनीं दुसऱ्याच दिवशीं ही गोष्ट स्वतः जाहीर केली. आतां, स्थळच चोराच्या हातीं गेलें तर तेथील खूणही तो बदलूं शकेल, अशी शंका चतुर वाचक घेईल, आणि ती रास्त आहे. म्हणून खुणांच्या यादीवर निर्मात्यांची डिजिटल स्वाक्षरी असते. तीही पडताळून पाहावी. हें थोडें किचकट आहे, पण जाणत्या मुलाकडून एकदां शिकून घेण्याजोगें आहे.

तिसरी गोष्ट पात्राची. पेन ड्राइव्ह आठ जी.बी.चा किंवा अधिक असावा, आणि त्यांत आपलें कांहीं नसावें. तो सोडून इतर प्रत्येक डिस्क, कार्ड व पेन ड्राइव्ह यंत्रांतून काढून टेबलाच्याही खालीं ठेवावीं. मग नांवावर विसंबूं नये, आकार पाहावा. सोळा जी.बी.चा पेन ड्राइव्ह विंडोजमध्यें १४.९ इतकाच दिसतो व एक टी.बी.ची डिस्क ९३१ जी.बी. दिसते, कारण विकणारा हजारानें मोजतो आणि विंडोज १०२४ नें. हे दोन आंकडे ज्यानें लक्षांत ठेविले, त्याचा माझ्यासारखा घात व्हावयाचा नाहीं. शंका असेल तर पेन ड्राइव्ह काढावा आणि कोणतें नांव यादींतून नाहींसें होतें तें पाहावें. पुन्हा लावावा आणि कोणतें येतें तें पाहावें.

साधनांपैकीं रूफस हें विंडोजवर चालतें. तें बाह्य हार्ड डिस्का मुळांत यादींत दाखवीतच नाहीं. तशी खूण मुद्दाम केली तरच दाखवितें. ती खूण करूं नये. बलेना एचर हें दुसरें. तें लेखन झाल्यावर लिहिलेलें मुळाशीं ताडून पाहतें. लिनक्समध्यें 'डीडी' नांवाची एक जुनी आज्ञा आहे. ती कांहीं विचारीत नाहीं, जेथें सांगाल तेथें निमूटपणें लिहिते. नवख्या माणसानें तिच्या वाटेस न जाणें बरें.

आणि मग कळ दाबण्यापूर्वीं संकल्प. मीं तो खरोखरच मोठ्यानें म्हटला, आणि कुटुंबास ऐकावयास बसविलें. "ही लिनक्स मिंटची फाइल, जिची खूण जुळली आहे, ती या १४.९ जी.बी.च्या कोऱ्या पेन ड्राइव्हवर लिहीत आहें. दुसरें कांहीं यंत्राला लावलेलें नाहीं." तिनें वांकून दोन्ही बाजूंच्या खोबण्या पाहिल्या व म्हणाली, "नाहीं. दाबा आतां."

लेखन पुरें झाल्यावर पेन ड्राइव्ह ओढून काढूं नये. संगणकाला सांगून, त्याचें उरलेलें लेखन संपवूं देऊन काढावा. पुढें यंत्र सुरू होतांना एफ्१२, एफ्९ किंवा एस्केप यांसारखी कळ दाबली कीं कशावरून सुरू व्हावयाचें तें विचारलें जातें. कळ यंत्रागणिक निराळी असते. मिंट पेन ड्राइव्हवरूनच चालवून पाहतां येतें. डिस्कवरील कशासही हात न लावतां पडदा, आवाज, वायफाय, मराठी अक्षरें सर्व ठीक आहे कीं नाहीं, हें पाहून घ्यावें. आम्हीं दोन दिवस तसेंच चालवून पाहिलें. शेवटीं प्रत्यक्ष स्थापना करतांना 'डिस्क पुसून स्थापना करा' असा एक पर्याय येतो. हा दुसरा कडेलोट. येथें पुन्हा थांबावें, पुन्हा आकार वाचावा, पुन्हा संकल्प म्हणावा. लॅपटॉपला वीज जोडलेली असावी, हें सांगणें नकोच.

हें सर्व करण्यास मला एक सबंध दुपार लागली. पहिल्या खेपेस दहा मिनिटें लागलीं होतीं.

आतां तो लॅपटॉप उत्तम चालतो. हा लेखही त्यावरच लिहिला आहे. मिळालेल्या ध्वनिमुद्रणांच्या दोन प्रती केल्या. एक आमच्या कपाटांत, दुसरी इंदूरला ताईकडे. वहींत प्रत्येक नांवापुढें कुटुंबानें बरोबरची खूण केली आहे. नऊ नांवांपुढें मोकळी जागा आहे. त्यांतील चार गाणीं तिला स्वतःला पाठ येतात, असें गेल्या महिन्यांत बोलतां बोलतां निघालें. मातोश्रींनींच शिकविलेलीं, पण तीं तिनें कधीं कोणापुढें म्हटलीं नव्हतीं, आणि मीं कधीं विचारलें नव्हतें. आतां रोज सकाळीं पूजा आटोपली कीं ती म्हणते व आम्ही उतरून घेतों. या वेळीं मी शेजारच्या खोलींत बसत नाहीं.